जोमादादांची होडी उचलणारी गाडी

जोमादादा माझ्या ड्रॉइंगवर थुंकी लावलेला अंगठा फिरवायचे. विचारणं नाही, सांगणं नाही. मी दोन दिवस बसून शाईत काढलेली रेघ पटली नाही, की त्यांचा अंगठा जिभेला लागायचा आणि कागदावरून फिरायचा. रेघेच्या जागी एक काळपट ढग उरायचा. मी ओरडले की ते शांतपणे म्हणायचे, "बाय, तुजा कागद सुका हाय. माजी होरी ओली हाय."  मी नवा कागद लावायचे.

साल एक्क्याऐंशी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लहानशा कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होते. टाक्या, शिड्या, शेडचे सांगाडे अशी कामं यायची. मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर वाशीच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायला आलेली. पाणी म्हणजे विहीर आणि नदी, एवढीच माझी ओळख. खाडी बसच्या खिडकीतून दिसायची, पण ती कधी भरलेली आणि कधी नुसता चिखल का असते, हेही मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

जोमादादा घरत कारखान्यातले सगळ्यांत जुने वेल्डर. पन्नाशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग, देवी येऊन गेल्यासारखे. त्यांचं गाव उलव्याच्या पुढे, खाडीला चिकटून. तासाभराची वाट. तरी ते तुर्भ्याला भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे आणि होळीलासुद्धा गावी जायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गावान काय हाय? मच्छर हायेत." आमच्या शेडमधेही मच्छर होते, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

एक दिवस ते शेठच्या केबिनमधे गेले आणि मागच्या अंगणात पडलेलं भंगार मागून आले. जुनी लोखंडी चॅनेलं, दोन ॲक्सल आणि दगडखाणीतल्या मोडक्या डंपरचे चार हायड्रॉलिक जॅक. शेठ त्यांना नाही म्हणत नसत, कारण जोमादादांनी मारलेला सांधा कधी तपासावा लागत नसे. शेठ मला म्हणाले, "कदमबाई, याला एक ट्रेलर बनवायचाय. होडी उचलणारा. सुट्टीच्या दिवशी करेल. तुम्ही ड्रॉइंग काढून द्या, नाहीतर हा माणूस मला टेन्शन देईल."

होडी कुणाची, हे मी सहज विचारलं. शेठना जोमादादांनी सांगितलं होतं की मच्छीमार सोसायटीची ऑर्डर आहे. आमच्या फोरमनला सांगितलं होतं की स्वतःची होडी आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "होरी इकायची हाय. गिऱ्हाईकाला न्यायला गारी नको?" तीन माणसांना तीन उत्तरं, आणि तिन्ही सांगताना चेहरा तोच. मी बुचकळ्यात पडले, पण मला काय करायचं होतं? मी ड्रॉइंगला बसले.

एवढं मात्र त्यांनी नीट समजावलं, की गाडी कशासाठी हवी. दरवर्षी पावसाच्या आधी होडी पाण्याबाहेर घ्यावी लागते. तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, तेल द्यायचं. नाहीतर लाकूड किडे पोखरतात. पूर्वी तीस-चाळीस गडी ओंडके टाकून, दोर लावून होडी वर ओढायचे. आता जमिनी संपादनात गेल्या, पोरं कारखान्यांत लागली. कुणाची पहिली पाळी, कुणाची तिसरी. "भरती काय कुनाची पाली बघून येत नाय," जोमादादा म्हणाले. "आनि मानसाच्या हाताचा भरवसा काय? हात कवापन सुटतो. तेल नाय सुटत. तेल धरल." हे वाक्य ते काम करताना दहादा बोलायचे. तेल धरल. मला ते यंत्राबद्दलच वाटायचं.

पहिलं ड्रॉइंग मी सरळ काढलं: चौकोनी सांगाडा, चार चाकं. अंगठा फिरला. "फुरं मोकला पायजे." पुढची बाजू मोकळी ठेवायची, म्हणून मी पुढचा आडवा बीम काढून टाकला. अंगठा फिरला. "अग, मागं बंद कर, फुरं मोकला!" मी म्हटलं, "दादा, पुढे मोकळं सोडलं तर ट्रॅक्टर कुठे जोडणार?" ते म्हणाले, "मागं." ट्रॅक्टर मागे जोडायचा? मी शेठकडे गेले, फोरमनकडे गेले. तिघांनी मिळून डोकं लावलं. फोरमनचं मत पडलं की म्हातारा घसरलाय. तीन आठवडे यात गेले. मग एकदा मी त्यांना चिडून विचारलं, "पुढे म्हणजे कुठे?" त्यांनी हात लांब करून पश्चिमेकडे, खाडीकडे दाखवला. "फुरं म्हंजे दर्या. मागं म्हंजे घर." त्यांच्या जगात पुढची बाजू एकच होती, गाडी कुठेही तोंड करून उभी असली तरी.

मग सगळं कळलं. नालेसारखा सांगाडा हवा होता, दर्याकडून उघडा. तो पाण्यात मागे ढकलायचा, होडी तरंगत त्याच्या पोटात येणार, दोन्ही अंगांनी दोन-दोन हात जॅकवर उचलून तिला बगलेत धरणार आणि ट्रॅक्टर तिला वर ओढणार. मी त्यांना विचारलंच. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने हे कुठे पाहिलं होतं? "कुटं नाय," ते म्हणाले. "तान्या पोराला कसा उचलताव? खालून, दोन हातानं. तसा."

आता मापं. रुंदी किती? "अडीच वाव." वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर. मी टेप घेऊन त्यांचे हात पसरायला लावले. ते पसरले आणि लगेच खाली घेतले. "माजा नाय. हसूचा वाव. हसू उंच हाय."

"हसू कोण?"

ते वेल्डिंगचा मुखवटा चेहऱ्यावर ओढून कामाला लागले. चार दिवस तो विषय नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "बाय, तू जा टेप घेऊन. गावान जा. निल्या पट्ट्याची होरी हाय. तिचा माप घे. माजा नाव सांगू नको."

मी का गेले, हे मला नवऱ्यालाही नीट सांगता आलं नाही. अपुरं ड्रॉइंग मला झोपू देत नसे, हेच खरं कारण असावं. सुट्टीच्या दिवशी एसटीने जासईच्या बाजूला उतरले आणि मिठागरांच्या बांधावरून विचारत विचारत गाव गाठलं. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. निळ्या पट्ट्याच्या होडीपाशी एक उंच माणूस जाळं विणत बसला होता. मला बघून तो उठला आणि मला दिसलं, त्याचा उजवा पाय गुडघ्यात वळत नव्हता. तो पाय बाजूने फिरवून टाकत तो जवळ आला.

मी म्हटलं, कंपनीतून आलेय, होडीचं माप हवंय. त्याने कारण विचारलं नाही. टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. मी चिखलात घोट्यापर्यंत रुतले तेव्हा हात देऊन बाहेर काढलं. सगळी मापं लिहून झाल्यावर त्याने माझ्या हातातला कागद घेतला. त्यावर अंगठ्याने पुसलेल्या रेघेचा काळा ढग होता. तो बघून म्हणाला, "जोमानं पाठवला कं तुला?"

मी नाव सांगायचं नाही असं कबूल केलं होतं. म्हणून गप्प राहिले. तेच उत्तर झालं.

"मी हसूराम. त्याचा भाव," तो म्हणाला. "अकरा वरसा झाली, बोलला नाय." कोण कुणाशी बोललं नाही, ते त्याच्या बोलण्यातून कळेना. त्याच्या बायकोने मला तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. तिच्याकडून समजलं ते एवढं: अकरा वर्षांपूर्वी हीच होडी ओढताना दोर ढिला पडला, होडी मागे घसरली आणि हसूरामचा पाय तिच्याखाली आला. दोराच्या टोकाला जोमादादा होते. दुसऱ्या दिवशी ते गाव सोडून गेले. आणि आता गडी इतके थोडे उरले होते की पुढच्या खेपेला हसूराम तसल्या पायाने स्वतः दोराला लागणार होता.

परत आल्यावर मी मापं त्यांच्यापुढे ठेवली. ती बघण्याआधी त्यांनी विचारलं, "चालतो कसा?" मी सांगितलं. ते बराच वेळ हातातला वेल्डिंगचा रॉड नुसता फिरवत राहिले. मग आपणहून बोलले. त्या दिवशी सकाळी भावाभावांत जोरात भांडण झालं होतं. जमीन जाणारच आहे, तर होडीही विकून टाकू, असं जोमादादांचं म्हणणं. हसूराम म्हणाला, होडीला हात लावायचा नाही. तशाच रागात जोमादादा दोराला लागले आणि हसूराम खाली ओंडके सरकवायला.

"दोर वला व्हता," जोमादादा म्हणाले. "माज्या हातातून गेला. पन सुटला का सोरला, बाय? मना म्हाईत नाय. लय आठवून बगला. हात सुटला असल तं मी मानूस हाय. सोरला असल तं मी कोन हाय?"

मी म्हटलं, "असं कोण मुद्दाम करेल?" ते म्हणाले, "तेच मना कलत नाय." मग मापांचा कागद उचलून ते आत गेले.  

गाडी तयार व्हायला पुढचं सगळं वर्ष लागलं. दर्याच्या बाजूला आडवा बीम नाही म्हटल्यावर दोन्ही बाजूंचे लांब हात फाकू नयेत, म्हणून दोन-दोन चॅनेलं तोंडाला तोंड लावून त्यांनी पेटीसारखे मजबूत बीम जोडले. होडीला लागणाऱ्या पाट्यांना ट्रकच्या टायरचं रबर बसवलं. चाकं चिखलात रुतू नयेत म्हणून जोडीने लावली. पहिल्यांदा हाताच्या पंपाने तेल भरलं तेव्हा एकच जॅक भसकन वर आला आणि बाकीचे तीन ढिम्म. मी घाबरले. जोमादादा खूश झाले. "बगला? जिथं वजन कमी, तिथं तेल पयला पलतो. मानसावानी हाय." मग त्यांनी प्रत्येक जॅकला तेलाचा वेगळा कॉक, म्हणजे तोटी, बसवला. चार कॉक, चार माणसं. जोमादादा ज्याला सांगतील त्यानेच उघडायचा, सांगतील तेव्हा बंद करायचा.

ब्याऐंशीच्या वैशाखात, पौर्णिमेच्या भरतीला, वीटभट्टीवाल्याच्या ट्रॅक्टरने ती गाडी गावात नेली. रस्त्यात लोक थांबून बघत होते. एकाने विचारलं, हे काय आहे? जोमादादा म्हणाले, "पालना." मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून हसले, पण गाव जवळ आल्यावर ते वेशीपाशी उतरून गाडीच्या मागून चालू लागले.

किनाऱ्यावर पंधरा-वीस माणसं होती. हसूराम होडीपाशी उभा होता. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. चार कॉकवर माणसं ठरवायची होती. तीन जण पुढे झाले. चौथा कुणी होईना, तेव्हा हसूराम पाय फिरवत आला आणि उजवीकडच्या पुढच्या कॉकवर उभा राहिला. जोमादादांनी त्याच्याकडे न बघता पंपाचा दांडा हातात घेतला. कुणीतरी जुन्या सवयीने होडीच्या डाव्या कडेला एक दोर बांधला. जोमादादा खेकसले, "दोर कशाला? तेल हाय ना!" पण सोडून टाका म्हणायला वेळ नव्हता. पाणी चढलं होतं.

गाडी पाण्यात गेली, होडी तरंगत तिच्या पोटात आली. जोमादादा पंप मारत ओरडत होते: "डावा मागचा, खोल! बंद! उजवा फुरचा, खोल!" त्या हाकेला हसूराम कॉक फिरवत होता. चारही हात होडीच्या बगलेत बसले. ट्रॅक्टर निघाला. होडीच्या तळाखालून पाणी गळत ती हळूहळू वर यायला लागली आणि लोकांनी आरडाओरडा केला. मीसुद्धा. माझ्या रेघा पाण्यातून वर येत होत्या.

अर्ध्या चढावर फाट असा आवाज झाला. उजवीकडच्या पुढच्या जॅकचं सील फुटलं होतं. काळं तेल चिळकांडीने उडालं, तो हात खाली बसला आणि एवढी मोठी होडी उजवीकडे कलली. तिकडे हसूराम होता. बाकीचे उडी मारून बाजूला झाले. त्याला उडी मारता येत नव्हती. तो चिखलात मागे पडला आणि त्याच्या तोंडून निघालं, "जोमा, धर!"

जोमादादांनी पंप टाकला. तो डावीकडचा दोर पकडला, गाडीच्या उभ्या खांबाला त्याचा वेढा मारला आणि अंग मागे झोकून दिलं. दोर त्यांच्या तळहातांतून करकरत वीतभर गेला. मग थांबला. होडी तशीच, कललेली, थांबली. किती वेळ? मला सांगता येणार नाही. लोकांनी हसूरामला ओढून काढलं, होडीखाली ओंडके घुसवले, टेकू लावले. "सोर आता," असं दोघा-तिघांनी सांगितलं तरी जोमादादा सोडेनात. शेवटी त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. तळहातांची कातडी दोराला राहिली होती.

हसूराम चिखलाने माखलेला तसाच त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. आता काहीतरी मोठं बोलणं होईल असं सगळ्यांना वाटलं. त्याने भावाचे हात बघितले, फुटलेल्या जॅककडे बघितलं आणि म्हणाला, "वायसर चामराचा घाल."

जोमादादा म्हणाले, "घालतो."

बारा वर्षांनंतरचं बोलणं ते एवढंच. मला वाटलं, ही नुसती सुरुवात असेल. पण पुढेही मी त्यांना यापेक्षा जास्त बोलताना ऐकलं नाही. चामड्याचे वॉशर घातलेली गाडी दरवर्षी गावातल्या सगळ्या होड्या वर काढायची. त्या दिवसांत जोमादादा गावी जायचे; पंपावर ते, उजव्या पुढच्या कॉकवर हसूराम. खोल, बंद, वर, थांब. या चार शब्दांत दोघांचा संसार चालायचा. मी एकदा जोमादादांना म्हटलं, "आता तरी बोलून टाका ना. या वेळी तर तुम्ही सोडलं नाही." ते आपल्या तळहातांच्या वणांकडे बघत म्हणाले, "या येलचा मना म्हाईत हाय. त्या येलचा कुटं म्हाईत हाय?" त्यांचा हिशोब असा होता की एका दिवसाने दुसरा दिवस पुसला जात नाही. मला तो कळला आणि पटला नाही; किंवा पटला आणि कळला नाही.

पंच्याऐंशीत मी दुसऱ्या नोकरीत गेले. निघताना जोमादादांनी मला जाड पत्र्याचा एक काटकोनी गुण्या करून दिला, इतका अचूक की मी तो अजून वापरते. त्यानंतर भेटी कमी झाल्या. तीनेक वर्षांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, जोमादादा गेले. कावीळ झाली, अंगावर काढली, चार दिवसांत आटोपलं. अखेरच्या दिवसांत हसूरामच त्यांना तुर्भ्याहून गावी घेऊन गेला होता.

दहाव्याला मी गेले. विधी उरकून लोक पांगले होते. हसूराम किनाऱ्यावर एका उपड्या होडीला टेकून फळीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "बाय आयली." मग खाडीकडे बघू लागला. पाणी नुकतं चढायला लागलं होतं.

"चार दिस घरान व्हता," तो म्हणाला. "मी उशाशी बसलो. मना वाटला, आता तरी सांगल."

"काय सांगतील?"

"दोराचा. त्या दिवशी काय झाला, ता. मी खाली व्हतो, मना काय दिसला नाय. त्याला म्हाईत व्हता. त्यानं सोरला असता तरी चालला असता मना. सक्खा भाव हाय, रागान सोरला असल. पन सांगाया पायजे का नको? मी वाट बगत राहिलो. सतरा-अठरा वरसा वाट बगितली."

 मी म्हटलं, "दादा, त्यांना माहीत नव्हतं."

"काय?"

"सुटला की सोडला, ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. तुमच्या होडीचं माप घेऊन मी परत गेले, तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं. खूप आठवून बघितलं म्हणाले. आठवत नाही म्हणाले."

हसूरामने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं माप पुन्हा पुन्हा घेऊनही जुळत नाही, तसा तो माझ्याकडे बघत होता.

"तू तवाच का नाय सांगला, बाय?"

मी उत्तर शोधलं. त्यांनी विश्वासाने सांगितलं होतं, भावाभावांतली गोष्ट होती, मी परकी होते. असं काय काय मनात आलं. तोंडातून मात्र जे खरं होतं तेच निघालं.

"मला वाटलं, ते तुम्हाला माहीत असेल."

 हसूराम फळीवर बाजूला सरकला, माझ्यासाठी जागा करून दिली आणि म्हणाला, "बस."